वजनं उचलल्यानं उंची खुंटते का?
फुटसाल (छोट्या कोर्टवरचा फुटबॉल) खेळणाऱ्या मुलामुलींच्या पालकांसाठी माहितीपत्रक

नाव नोंदवायला आलेले पालक हमखास विचारतात, "एवढ्यात वजनं उचलायला लावली तर पोराची उंची खुंटणार नाही ना?" नाही खुंटत. हाडांच्या टोकांशी वाढीचा नाजूक भाग असतो. त्याला धोका असतो तो कुणाची देखरेख नसताना, न झेपणारं वजन कसंही उचलण्यात. जागतिक आरोग्य संघटना तर ५ ते १७ वर्षांच्या मुलांना आठवड्यातून किमान ३ दिवस स्नायू आणि हाडं बळकट करणारे व्यायाम करायला सांगते.

फुटसालचं कोर्ट साधारण ४० बाय २० मीटर. एका बाजूला पाचच खेळाडू आणि चेंडू कमी उसळणारा. लांब पळायला जागाच नसते. चार पावलं झेप, लगेच थांबायचं, वळायचं, पुन्हा झेप. सगळा भार येतो मांडीच्या मागच्या स्नायूंवर, जांघेवर, गुडघ्यावर आणि घोट्यावर. म्हणून वेगाआधी आम्ही थांबायला शिकवतो.

पहिल्या दिवशी वजनाला हातही लावू देत नाही. फूटभर उंचीच्या लाकडी खोक्यावरून उडी मारायला सांगतो आणि समोर बसून फक्त गुडघे बघतो. बरीच मुलं धप्पकन उतरतात आणि गुडघे एकमेकांकडे झुकतात. मैदानावर दुखापत होते ती अशाच क्षणी. गुडघे पावलांच्या रेषेत ठेवून, आवाज न करता उतरता येईपर्यंत बैठका, एका पायावरचा तोल, पुढे पाऊल टाकून बसणं आणि प्लँक (कोपर आणि पायाच्या बोटांवर अंग सरळ धरून ठेवणं) एवढंच. मग हलके डंबेल्स. सत्रं आठवड्यातून दोन, मध्ये किमान एक दिवस विश्रांती.

सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजाची उंच, जड काठी पेलणारेसुद्धा आधी कितीतरी दिवस सराव करतात. एकदम खांद्यावर घेत नाहीत. आम्हाला मुलांकडून तोच धीर हवा आहे.

दंड फुगले नाहीत म्हणून काळजी करू नका. वयात येण्याआधी ताकद वाढते ती मुख्यतः मेंदू आणि स्नायूंचा मेळ सुधारल्यामुळं. आणि अकरा ते चौदा वर्षांच्या दरम्यान मूल झपाट्यानं उंच होऊ लागलं, पँट आखूड झाली, की आम्हाला लगेच कळवा. त्या काळात गुडघ्याच्या वाटीखाली दुखू शकतं. आम्ही उड्या कमी करतो. "खेळाडूनं सोसायचं असतं" असं घरी कृपया म्हणू नका.

प्रोटीन पावडरची गरज नाही. ज्वारीची भाकरी, डाळ, शेंगाचटणी, दूध, चालत असेल तर अंडी, आणि पुरेशी झोप. एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याखालचा हॉल भट्टीसारखा तापतो, म्हणून तेव्हा सत्रं फक्त सकाळी. सपाट तळाचे बूट आणि पाण्याची मोठी बाटली द्या. आधीची दुखापत, दमा किंवा चालू औषधं असतील तर पहिल्याच दिवशी अर्जावर लिहा.