नागाशिनो: बार भरायला लागणारा वेळ

जपानच्या मिकावा प्रांतात दोन नद्यांच्या संगमावर नागाशिनोचा छोटा किल्ला होता. १५७५ मध्ये काइ प्रांताचा सरदार ताकेदा कात्सुयोरी याने सुमारे १५,००० फौजेनिशी त्याला वेढा घातला. आत माणसं जेमतेम ५००. किल्ला मिकावाचा सरदार तोकुगावा इएयासूच्या बाजूचा होता आणि त्याच्या मदतीला त्याचा मित्र, बलाढ्य सरदार ओदा नोबुनागा मोठी फौज घेऊन आला. २८ जूनला जवळच्या शितारागाहाराच्या सखल भागात गाठ पडली. दुपार टळेपर्यंत यामागाता मासाकागे, बाबा नोबुहारू यांच्यासारखे ताकेदांचे मुरलेले सरदार कामी आले होते.

नोबुनागाच्या बंदुकांनी ताकेदांच्या घोडदळाचा पराभव केला, असं या लढाईबद्दल एका वाक्यात सांगितलं जातं. मला हे उत्तर फार अपुरं वाटतं, कारण तोड्याची बंदूक नुसती हाती असून भागत नाही. नळीत दारू ओतायची, गोळी टाकायची, गजाने ठासायची, कानाशी, म्हणजे नळीच्या बाजूच्या भोकाशी, रंजक (बार पेटवणारी बारीक दारू) घालायची, धुमसता तोडा (जळती वात) चापात अडकवायचा, मग नेम. सरावलेल्या हातालाही यात वीस ते तीस सेकंद जातात. चिलखत भेदायचं तर शत्रू साधारण ५० मीटरच्या आत यायला हवा. ताशी ३० किलोमीटरने दौडणारा घोडा एवढं अंतर सहा सेकंदांत कापतो. म्हणजे मोकळ्या मैदानात बंदूकवाल्याला एकच बार मिळतो. तो चुकला की भाला छातीवर.

नोबुनागाची खरी करामत हे सेकंद मिळवण्यात होती. त्याने रेंगो ओढ्याच्या पलीकडे लाकडी मेढेकोट उभारले. दिवस पावसाळ्याचे, समोर भातखाचरं आणि चिखल. जपानी घोडे तेव्हा खांद्याशी जेमतेम १३० सेंटिमीटर उंच असत. चिलखतधारी स्वार घेऊन ओढा उतरून पुन्हा चढताना त्यांचा वेग मरायचा. बरेच ताकेदा योद्धे तर पायीच लढले असावेत. मेढेकोटापाशी अडकलेला माणूस, मग तो स्वार असो वा पायदळातला, दुसऱ्या बाराच्या टप्प्यात उभा असायचा. तीन रांगांनी आळीपाळीने गोळीबार केल्याची प्रसिद्ध गोष्ट मात्र नंतरच्या लेखनातून आलेली आहे. समकालीन वृत्तांतात ती सापडत नाही, आणि बंदुकांचा ३,००० हा आकडाही वादाचा आहे.

मग कात्सुयोरी अशा जागी चालून गेलाच का? एक तर नोबुनागाने आपली बरीचशी फौज उंचवट्यांआड अशी उतरवली होती, की समोरून ती दिसू नये. दुसरं म्हणजे, इएयासूचा सरदार साकाइ तादात्सुगू रात्रीच डोंगरातून वळसा घालून गेला आणि वेढ्याच्या मागचं तोबिगासुयामाचं ठाणं त्याने पहाटे जिंकलं. आता माघारीची वाट धोक्यात आली. इएयासूला याच ताकेदांनी १५७३ च्या जानेवारीत मिकातागाहाराला झोडपलं होतं. तेव्हा कात्सुयोरीचा बाप शिंगेन जिवंत होता. त्या विजयाची आठवण ताजी असताना पुढे जाणं सेनापतीला सोपं वाटलं असेल.

या लढाईची आणखी एक बाजू रसायनाची आहे, आणि मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते. बंदुकीच्या दारूला गंधक, कोळसा आणि सोरा (पोटॅशियम नायट्रेट) लागतो. ज्वालामुखींच्या देशात गंधक मुबलक, जंगलांमुळे कोळसाही. सोरा मात्र पाण्यात चटकन विरघळतो. जपानच्या पावसाळी मातीत तो साचून राहत नाही. त्यामुळे तो बराचसा समुद्रापारहून यायचा. गोळ्यांच्या शिशाचंही तसंच. त्या काळातल्या जपानी ठिकाणांवर सापडलेल्या गोळ्यांतल्या शिशाच्या समस्थानिकांचं (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंचं) प्रमाण तपासलं, तेव्हा काही शिसं थायलंडच्या खाणींतलं निघालं. हा माल जिथे उतरायचा त्या साकाइ बंदरावर नोबुनागाची हुकमत होती. बंदुका ताकेदांकडेही होत्या, पण त्यांचा काइ प्रांत डोंगरांनी वेढलेला. दारूगोळ्याच्या या शर्यतीत ते लढाईआधीच मागे पडले होते.