लिंबाच्या रोपावर अळी दिसली? फवारणीआधी हे वाचा

आमच्याकडून लिंबाचं किंवा कढीपत्त्याचं रोप नेलेले ग्राहक बरेचदा परत येतात, ते कुरतडलेली पानं दाखवायला. रोप खराब निघालं असं त्यांना वाटतं. बहुतेक वेळा ते काम असतं लिंबू फुलपाखराच्या अळीचं. पिवळट ठिपक्यांचं, काळ्या पंखांचं आणि शेपटी नसलेलं हे फुलपाखरू दक्षिण व आग्नेय आशियात सर्रास दिसतं.

मादी कोवळ्या पालवीवर एकेक अंडं सुटं घालते. आधी पुढच्या पायांनी पान चाचपून बघते, कारण पायांनाच तिला चव कळते. फिकट पिवळं, मोहरीहून लहान अंडं 3 ते 6 दिवसांत फुटतं. बाहेर आलेली अळी सुरुवातीला हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, काळपट-तपकिरी, मध्ये पांढरा पट्टा. म्हणूनच पक्षी तिच्याकडे फिरकत नाहीत आणि आपलंही लक्ष जात नाही. चार वेळा कात टाकल्यावर ती एकदम हिरवीगार होते, आणि सगळ्यात जास्त पानं याच वयात फस्त करते. तिला हळूच काडी लावून पाहा: डोक्यामागून दुभागलेलं, नारिंगी-लाल शिंग बाहेर येतं आणि उग्र वास सुटतो. घाबरू नका, ती चावत नाही.

मग ती फांदीला रेशमाचा धागा कमरेभोवती गुंडाळून कोष करते. भोवती हिरवळ असेल तर कोष बहुधा हिरवा, वाळक्या काडीवर तपकिरी. उबदार हवेत सारा प्रवास साधारण महिन्याभरात उरकतो, थंडीत लांबतो.

फुलपाखरू मध कुठल्याही फुलाचा पिईल, पण अळीचं तसं नाही. लिंबू, संत्रं, पपनस, कढीपत्ता, बेल, कवठ ही लिंबाच्या कुळातली झाडं तिला लागतात. बावची या औषधी वनस्पतीवरही ती वाढते. त्यामुळे नुसती झेंडू-घाणेरी लावून फुलपाखरं येतील, पण राहणार नाहीत. (कॉमन मॉर्मन या दुसऱ्या फुलपाखराच्या अळ्याही लिंबाच्या कुळातल्या या झाडांवर असतात. लहानपणी दोघींत फरक ओळखणं आम्हालाही जड जातं.)

मोठ्या झाडाला चारदोन अळ्यांनी काही होत नाही, नवी पालवी येते. हातभर रोप मात्र त्या पार बोडकं करतात. अशा वेळी अळी पानासकट उचलून याच कुळातल्या मोठ्या झाडावर ठेवा. गुलाबावर किंवा जास्वंदीवर सोडलीत तर उपाशी मरेल. कढीपत्त्यावर कीटकनाशक मारूच नका, तो तुमच्याच फोडणीत पडणार आहे.

कोष असलेली काडी छाटू नका. रिकामा कोष डोक्याकडून उकललेला दिसला तर फुलपाखरू सुखरूप गेलं. बाजूला बारीक गोल भोक असेल, तर आतला जीव परजीवी गांधीलमाश्यांनी आधीच खाल्लेला असतो.