एरोइका सायकल मार्ग (टस्कनी, इटली)

एरोइका मार्ग म्हणजे इटलीच्या टस्कनी प्रांतात सिएना शहराच्या आजूबाजूच्या डोंगराळ मुलखातून फिरणारा साधारण २०९ किमीचा गोल सायकल मार्ग. गायोले इन कियांती नावाच्या छोट्या गावातून निघायचं आणि फिरून तिथंच यायचं. वर्षभर कुणीही कधीही चालवू शकतं, वळणावळणावर पाट्या लावलेल्या आहेत, फी नाही. यातलं जवळपास निम्मं अंतर डांबर नसलेलं आहे. पांढरट माती आणि बारीक खडीचे हे रस्ते, इटालियनमध्ये स्त्रादे बियांके, आणि मुळात हा मार्ग आखला गेला तो हे रस्ते वाचावेत म्हणूनच, त्यामुळे आधी त्यांच्याबद्दल.

इथली शेती शेकडो वर्षं अर्धेलीनं चालायची (तिकडचा शब्द मेद्झाद्रिया). जमीन मालकाची, राबायचं कुळाच्या कुटुंबानं, पीक निम्मं निम्मं. प्रत्येक कुटुंबाला एक शेत आणि शेतातच घर, त्यामुळे गाव एकीकडे आणि घरं टेकड्याटेकड्यांवर विखुरलेली, आणि त्या घरांना एकमेकांशी, चर्चशी, मालकाच्या वाड्याशी जोडणारे बैलगाडीचे रस्ते. सिएनाच्या दक्षिणेला क्रेते सेनेसी भागात तर माती निव्वळ चिकण, पाऊस पडला की खोलगट भागात पाय रुतणार, म्हणून रस्ते जमेल तितके टेकडीच्या धारेवरून काढलेले दिसतात. आज सायकलवरून दोन्ही बाजूंना मैलोन् मैल उघडं रान दिसतं ते या जुन्या सोयीमुळेच. पुढं १९६४ च्या कायद्यानं अर्धेलीचे नवे करार बंद झाले, तोवर माणसं शहरांकडे निघालीच होती, घरं ओस पडली आणि रस्ते तसेच राहिले. जे राहिले त्यांच्यावर हळूहळू डांबर पडायला लागलं.

ते थांबवायचं मनावर घेतलं गायोलेच्याच जान्कार्लो ब्रोची यांनी. १९९७ मध्ये त्यांनी लेरोइका (म्हणजे एरोइकाच) नावाची सायकल राइड सुरू केली, पहिल्या वर्षी ९२ जण आले. अट अशी की सायकल जुनी पाहिजे. आजही लोखंडी फ्रेम, १९८७ च्या आधीची बांधणी, गिअरच्या दांड्या फ्रेमच्या खालच्या नळीवर, ब्रेकच्या तारा हँडलवरून बाहेर दिसणाऱ्या, पेडलला चामडी पट्टे, आणि कपडे शक्यतो लोकरीचे. ऑक्टोबरच्या सुरुवातीच्या रविवारी हजारो माणसं पहाटे अंधारात निघतात, ब्रोलियो किल्ल्याच्या चढावर सायप्रसच्या झाडांमधून दिवे लावलेले असतात, आणि वाटेतल्या थांब्यांवर एनर्जी जेलच्या जागी रिबोलिता (शिळ्या पावाचं आणि भाज्यांचं घट्ट सूप), सलामी, चीज आणि वाइन मिळते. पण माझ्या मते या राइडचं खरं काम एका दिवसाच्या जत्रेपेक्षा मोठं आहे. तिच्याच वाटेवर कायमच्या पाट्या लागल्या, वर्षभर सायकलवाले यायला लागले, ओस घरांमध्ये राहायच्या खोल्या झाल्या, आणि ज्या कच्च्या रस्त्यांची लाज वाटायची त्यांनाच किंमत आली. रस्ता वापरात राहिला म्हणून रस्ता राहिला, इतकं हे सरळ आहे.

मार्गाचे ढोबळमानानं दोन स्वभाव आहेत. गायोलेजवळचा उत्तरेचा भाग म्हणजे कियांती, तिथं ओक आणि चेस्टनटची जंगलं, मध्येच द्राक्षाचे मळे, सावली भरपूर. ब्रोलियोचा किल्ला रिकासोली घराण्याचा, याच घरातले बेत्तीनो रिकासोली इटलीचे दुसरे पंतप्रधान झाले आणि कियांती वाइनमध्ये कुठली द्राक्षं घालायची हेही त्यांनीच १८७२ मध्ये लिहून ठेवलं. सिएनाला वळसा घालून दक्षिणेला उतरलं की झाडं संपतात. राखाडी चिकणमातीच्या टेकड्या, वसंतात हिरव्यागार, जुलैनंतर पार करड्या, आणि एखाद्या टेकडीवर एकच घर. मुर्लोवरून माँताल्चीनोचा चढ लागतो, हे गाव समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर, ब्रुनेल्लो वाइनसाठी नावाजलेलं, आणि इथून वाल दॉर्चा हे खोरं दिसतं जे २००४ पासून युनेस्कोच्या यादीत आहे. मग तोर्रेनिएरी, बुओनकोन्व्हेन्तो, अशानो, आणि तिथून या मार्गाचा सगळ्यात अवघड तुकडा, माँते सान्ते मारिए.

साडेअकरा किलोमीटर सगळा कच्चा. उतार सरळ खाली ओढ्यापर्यंत जातो आणि लगेच समोर भिंतीसारखा चढ, काही ठिकाणी १८ टक्क्यांच्या आसपास. पेडलवर उभं राहिलं की मागच्या चाकावरचं वजन जातं, चाक खडीवर जागच्या जागी फिरतं आणि पाय टेकावाच लागतो, म्हणून सीटवर बसूनच, थोडं पुढं झुकून, सगळ्यात हलक्या गिअरवर रेटायचं. उतारावर उलट, गाड्यांच्या ब्रेकमुळे वळणाच्या आधी रस्त्यावर आडव्या लाटा पडलेल्या असतात, तिथं पुढचा ब्रेक जोरात दाबणं म्हणजे पडणंच, वेग आधीच कमी करून घ्यायचा आणि चाकांच्या दोन चाकोऱ्यांत जी घट्ट झालेली पट्टी असते ती धरून राहायचं. कडेला आणि मधोमध सुटी खडी साचते, समोरून ट्रॅक्टर आला की त्याच खडीत जावं लागतं, त्यामुळे हँडलवर हात सैल ठेवायची सवय आधीपासून असलेली बरी.

आकडे बघून माणूस फसतो. सगळ्यात उंच ठिकाणसुद्धा फार उंच नाही, पण पूर्ण गोलाची चढाई साडेतीन हजार मीटरच्या वर जाते, कारण रस्ता सतत वर-खाली होतो. ताम्हिणी किंवा वरंध घाटात एकदा लय सापडली की तासभर तीच धरून चढता येतं, इथं ती लय लागायच्या आत चढ संपतो आणि उतार सुरू, परत चढ. पायांपेक्षा डोकं जास्त थकतं. एका दिवसात पूर्ण करणारे करतात, पण फिरायला म्हणून जायचं असेल तर तीन-चार दिवस द्यावेत, सामान मागच्या कॅरिअरवर न लादता फ्रेमच्या आणि सीटच्या बॅगांमध्ये बांधावं, टायर निदान ३५ मिमीचे, ट्यूबलेस असतील तर उत्तमच.

एप्रिल ते जूनचा मध्य आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे चांगले महिने. जुलै-ऑगस्टला पारा ३५ च्या वर जातो आणि क्रेतेमध्ये सावलीचं एक झाड मिळत नाही. धूळ इतकी बारीक की बाटलीच्या तोंडावर थर बसतो आणि प्रत्येक घोटाला दातात करकर लागते, म्हणून टोपण असलेली बाटली घ्यायची. पावसात हीच धूळ सिमेंटच्या लगद्यासारखी होते. १५ मे २०१० ला जिरो दितालिया ही इटलीची मोठी सायकल स्पर्धा याच रस्त्यांवरून माँताल्चीनोला आली तेव्हा असाच पाऊस होता, टप्पा जिंकला तो ऑस्ट्रेलियाच्या कॅडेल एव्हान्सनं, अंगात विश्वविजेत्याची जर्सी होती पण चिखलामुळे तिचे रंगच दिसत नव्हते, फोटो जरूर शोधून बघा. साध्या प्रवाशाला हा लगदा ब्रेकचे पॅड एका दिवसात खाऊन टाकू शकतो, तेव्हा सुटे पॅड आणि चेनचं तेल जवळ हवंच.

या रस्त्यांच्याच नावाची व्यावसायिक स्त्रादे बियांके सायकल स्पर्धाही इथलीच, एरोइकातूनच निघालेली. २००७ मध्ये पहिली झाली, आता मार्चमध्ये असते, आणि सिएनाच्या व्हिया सान्ता कातेरीना या अरुंद दगडी गल्लीतला १६ टक्क्यांचा चढ चढून पियात्सा देल कांपो चौकात संपते. २०१५ पासून महिलांचीही होते, पहिली जिंकली अमेरिकेच्या मेगन ग्वार्नियरनं. स्वित्झर्लंडच्या फाबियान कान्चेलारानं पुरुषांची स्पर्धा तीनदा जिंकली म्हणून माँते सान्ते मारिएच्या तुकड्याला त्याचं नाव दिलंय. स्लोव्हेनियाचा तादेय पोगाचार २०२४ ला त्याच तुकड्यावर एकटा निघून गेला तो तब्बल ८१ किमी एकटाच शेवटपर्यंत. स्पर्धेच्या आठवड्यात राहायला जागा मिळणं कठीण, बाकी वर्षभर फारशी अडचण नाही.

जाण्या-येण्याचं म्हणाल तर फ्लॉरेन्सहून सिएनाला लोकल गाड्या आहेत आणि अशा गाड्यांमध्ये सायकल चढवता येते, तिचं वेगळं तिकीट काढायचं. बुओनकोन्व्हेन्तो आणि अशानोलाही स्टेशन आहे, म्हणजे पूर्ण गोल न करता निम्माच करून परतता येतं, पहिल्यांदा जाणाऱ्याला मी तेच सुचवेन. गायोलेला मात्र रेल्वे नाही, सिएनाहून सायकल मारत जावं लागतं आणि तो रस्ता चढाचा आहे.

खाण्यापिण्याचं नियोजन अंतरापेक्षा घड्याळ बघून करायचं. खेड्यातली दुकानं दुपारी एकच्या सुमाराला बंद होतात ती चार-साडेचारपर्यंत उघडत नाहीत, रविवारी तर अर्धा दिवस धरावा, आणि १५ ऑगस्टच्या फेर्रागोस्तोच्या सुट्टीत सगळंच थंड. पाण्याचे सार्वजनिक नळ चौकात किंवा स्मशानाच्या फाटकाजवळ हमखास असतात, तिथं ‘नोन पोताबिले’ अशी पाटी असेल तर ते पाणी प्यायचं नाही. शाकाहारी माणसाची उपासमार होत नाही, पिएन्सा भागातलं मेंढीच्या दुधाचं पेकोरीनो चीज, बीन्स, रिबोलिता, आणि इथला पाव बिनमिठाचा असतो, दिवसभर घाम गाळल्यावर तो अळणी लागतो म्हणून सोबत काहीतरी खारट घ्या. मेंढपाळांचे पांढरे मारेम्मा कुत्रे कळप राखतात, ते भुंकत आले तर सायकलवरून उतरून, सायकल मध्ये धरून शांतपणे चालत पुढं जायचं, पळवायची नाही. शरद ऋतूत रानडुकरांची शिकार चालते, त्या दिवसांत जंगलातल्या तुकड्यांवर भडक रंगाचे कपडे घालावेत. अंधार पडल्यावर गावाबाहेर आणि बोगद्यात चमकणारं जॅकेट घालणं इटलीत कायद्यानंच बंधनकारक आहे.