टीव्हीएसची बस : मदुरैतील एका कौटुंबिक वाहतूक व्यवसायाची पार्श्वभूमी

टीव्हीएस हे नाव घेतले की महाराष्ट्रातील वाचकाला आधी आठवते ती मोपेड. 1980 मध्ये आलेली ‘टीव्हीएस 50’ गावोगावच्या शिक्षकांनी, दूधवाल्यांनी आणि फिरत्या विक्रेत्यांनी इतकी वापरली की हा उद्योगसमूह मुळातच दुचाकींचा असावा, असा समज सहज होतो. प्रत्यक्षात या घराण्याचा पाया बससेवेने घातला. 1912 पासून 1972 पर्यंत, म्हणजे जवळजवळ साठ वर्षे, मदुरै आणि आसपासच्या मुलखातील प्रवासी या कुटुंबाच्या बसने ये-जा करत होते. ती बस कशी सुरू झाली, कशाच्या बळावर टिकली आणि कोणत्या परिस्थितीत सरकारच्या हाती गेली, हे पाहिले तर देशातील खासगी बस व्यवसायाच्या एका पूर्ण कालखंडाचा अंदाज येतो.

संस्थापक टी. व्ही. सुंदरम अय्यंगार यांचा जन्म 1877 साली तिरुनेलवेली भागातील तिरुक्कुरुंगुडी या गावी झाला. त्यांनी आधी वकिली केली, मग रेल्वेत आणि बँकेत नोकरी केली. पगाराची, प्रतिष्ठेची ही वाट सोडून त्यांनी 1911 मध्ये ‘टी. व्ही. सुंदरम अय्यंगार अँड सन्स’ ही पेढी स्थापन केली आणि पुढच्याच वर्षी मदुरैत बससेवा सुरू केली. पेढीच्या नावातच मुलांना स्थान दिलेले होते, आणि त्यांचे पाचही मुलगे पुढे या व्यवसायात आले.

त्या काळात मोटारीने प्रवासी वाहतूक करणे हे धाडसच होते. मदुरै रेल्वेने जोडलेले होते, पण रेल्वेचा मार्ग एका रेषेत जाई आणि त्या रेषेपासून दूर असलेल्या तालुक्याच्या गावांना, बाजारपेठांना आणि तीर्थक्षेत्रांना बैलगाडी किंवा घोड्याचा टांगा एवढाच आधार होता. रस्ते खडीचे किंवा मातीचे, अनेक ओढ्यांवर पूल नाहीत, पेट्रोल डब्यांतून येणार आणि सुटा भाग हवा असेल तर तो बहुधा परदेशातूनच यायचा. रस्त्यांसाठी निश्चित पैसा उभारण्याचा विचार देशपातळीवर झाला तो पुष्कळ नंतर. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखालील रस्ते विकास समितीने 1928 मध्ये आपला अहवाल दिला, आणि पेट्रोलवरील जादा करातून केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला तो 1929 मध्ये. याचा अर्थ असा की मदुरैची ही बस पहिली सतरा वर्षे तरी जो रस्ता मिळेल त्यावरूनच चालली.

अशा व्यवसायात कुटुंबच का टिकले, याला व्यवहारी कारणे आहेत. बसचे उत्पन्न रोज, रोखीने आणि सुट्या नाण्यांत येते. ते वाहकाच्या पिशवीतून पेढीच्या गल्ल्यापर्यंत पूर्ण पोहोचायचे तर हिशेबाला घरचा माणूस बसवणे हाच त्या काळी खात्रीचा मार्ग होता. खर्च मात्र एकरकमी असे. चासी, म्हणजे इंजिन आणि चाकांसह गाडीचा खालचा सांगाडा, विकत घ्यायची, त्यावर स्थानिक सुतार-लोहारांकडून लाकडी सांगाड्याची बॉडी बांधून घ्यायची, टायरचा साठा करायचा, आणि यासाठी बँका सहसा कर्ज देत नसल्याने नातेवाइकांकडून किंवा सावकाराकडून पैसा उभा करायचा. शेजारच्या कोईमतूर भागात जी. डी. नायडू यांनी 1920 मध्ये पोल्लाची ते पळणी या मार्गावर एकच बस घेऊन सुरुवात केली आणि तिचीच पुढे मोठी ‘यूएमएस’ ही बस कंपनी झाली. पोल्लाचीतच नाचिमुत्तु गौंडर यांच्या कुटुंबाची ‘आनमलै बस ट्रान्सपोर्ट’ उभी राहिली. आपल्याकडेही एसटीच्या आधी ज्या ‘सर्व्हिस मोटारी’ चालत, त्यांतील बहुतेक एकेका घराच्या किंवा दोन-तीन भागीदारांच्या होत्या. यांतील पुष्कळ सेवा एक-दोन गाड्यांच्या पुढे गेल्या नाहीत. गाडी मोडेपर्यंत चालवायची आणि मोडली की दुरुस्तीपायी व्यवसायच बसायचा, ही त्यांची नेहमीची गत होती.

टीव्हीएसचे वेगळेपण येथे दिसते, आणि माझ्या मते या साऱ्या इतिहासाचे मर्म हेच आहे. गाडी मोडल्यावर दुरुस्त करण्यापेक्षा ती मोडू न देणे स्वस्त पडते, हे सुंदरम अय्यंगारांनी फार लवकर ओळखले होते. त्यांच्या बसच्या वक्तशीरपणाविषयी मदुरै भागात पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते की लोक बस पाहून घड्याळ लावत. त्याहून बोलकी गोष्ट खिळ्यांची आहे. बैलांच्या आणि घोड्यांच्या नालांतून निसटलेले खिळे रस्त्यावर विखुरलेले असत आणि ते टायरमध्ये घुसून बस वाटेत उभी राही. त्यावर उपाय म्हणून या पेढीने लोहचुंबक बसवलेले वाहन रस्त्यावरून फिरवून खिळे वेचण्याची व्यवस्था केली होती, असे सांगतात. पंक्चर काढायला माणूस ठेवणे कोणालाही सुचले असते. पंक्चर होण्याचे कारणच रस्त्यावरून उचलून न्यायचे, हा विचार वेगळ्या जातीचा आहे. प्रवाशाला तिकिटाच्या बदल्यात जागा तर हवीच असते, पण ठरल्या वेळी पोहोचण्याची हमीही हवी असते आणि ती हमी वर्कशॉपमध्ये तयार होते, हे या कुटुंबाने ओळखले.

1920 नंतर मोटारी वाढल्या तशी स्पर्धाही वाढली. 1928 मध्ये जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीला गाड्यांची जुळणी सुरू केल्यावर चासी मिळणे सोपे झाले आणि देशभर छोट्या मालकांची गर्दी झाली. एकाच मार्गावर चार-चार बस एकमेकींशी शर्यत लावत, भाडे पाडत आणि गाडी भरेपर्यंत सोडत नसत. रेल्वेचे उत्पन्नही त्यामुळे घटू लागले आणि 1932-33 मध्ये सरकारने रस्ता आणि रेल्वे यांच्यातील स्पर्धेची चौकशी केली. 1914 च्या मोटार कायद्याचा रोख वाहन आणि चालक यांच्या नोंदणीवर होता. 1939 च्या मोटार वाहन कायद्याने मात्र कोणत्या मार्गावर किती बस चालाव्यात हे ठरवण्याचा अधिकार परिवहन प्राधिकरणांना दिला. टप्पा वाहतुकीचा, म्हणजे ठरलेल्या मार्गावर टप्प्याटप्प्याने प्रवासी नेण्याचा, परवाना ही आता मौल्यवान गोष्ट झाली. ज्यांच्याकडे राखीव गाड्या, प्रशिक्षित चालक आणि नीट हिशेब होते, त्यांना या व्यवस्थेत टिकणे सोपे गेले. त्याच वेळी परवाना देणारे सरकार उद्या तो काढूनही घेऊ शकते, ही शक्यताही याच कायद्यात दडलेली होती.

दुसऱ्या महायुद्धाने या वर्कशॉपची खरी परीक्षा घेतली. पेट्रोलवर रेशनिंग आले आणि 1942 मध्ये मलाया जपानच्या ताब्यात गेल्यावर रबरही दुर्मीळ झाले. अनेक मालकांनी गाड्या उभ्या करून ठेवल्या. सुंदरम अय्यंगारांनी कोळशाच्या वायूवर बस चालवणारे ‘टीव्हीएस गॅस प्लांट’ बनवायला सुरुवात केली. अशा संयंत्रात लोखंडी पिंपात लाकडी कोळसा पेटवून त्याला मुद्दाम अपुरी हवा देतात. त्यामुळे कोळसा पुरता न जळता कार्बन मोनॉक्साइड हा ज्वलनशील वायू तयार होतो, आणि तो थंड करून, गाळून इंजिनात सोडला जातो. ऐकायला हे सोपे वाटते, पण चालवणाऱ्यांचे हाल होत. सकाळची पहिली फेरी सोडायची तर पहाटे उठून भट्टी पेटवावी लागे, वाटेत कोळसा भरावा लागे, राख काढावी लागे. वायूची ताकद पेट्रोलपेक्षा कमी असल्याने भरलेली बस चढावर दमत असे. गाळणी नीट साफ केली नाही तर बारीक राख इंजिनात शिरून सिलिंडर घासले जात. रोजची देखभाल काटेकोर असेल तरच हे यंत्र चालते, आणि तीच या कुटुंबाची जमेची बाजू होती. टायरवर नवे रबर चढवण्याचा कारखानाही त्यांनी काढला. बससेवेच्या गरजेतून निघालेले हे जोडधंदे हळूहळू स्वतंत्र व्यवसाय बनत गेले. मद्रास ऑटो सर्व्हिस आणि सुंदरम मोटर्स या संस्थांमार्फत गाड्या आणि सुटे भाग विकण्याचा पसारा मोठा झाला.

स्वातंत्र्यानंतर मुंबई आणि मद्रास या दोन प्रांतांच्या वाटा वेगळ्या झाल्या. मुंबई प्रांताने प्रवासी वाहतूक लगेचच आपल्या हाती घ्यायला सुरुवात केली. 1 जून 1948 रोजी अहमदनगर ते पुणे अशी पहिली एसटी धावली आणि त्यानंतर काही वर्षांतच जुन्या सर्व्हिस मोटारी मार्गांवरून हटल्या. मद्रास सरकारने सुरुवातीला मुख्यतः मद्रास शहराची बससेवा ताब्यात घेतली आणि जिल्ह्यांतील मार्ग बहुतांशी खासगी मालकांकडे राहू दिले. मधल्या काळात उत्तर प्रदेशातील सगीर अहमद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1954 मध्ये खासगी बसमालकांच्या बाजूने निकाल दिल्यामुळे राष्ट्रीयीकरणाला थोडी खीळ बसली. परंतु 1956 मध्ये मोटार वाहन कायद्यात नवे प्रकरण घालून राज्य परिवहन संस्थांना योजना आखून एखादा मार्ग पूर्णपणे आपल्याकडे घेण्याचा रस्ता मोकळा करण्यात आला. मदुरैच्या बसला आपल्या पुण्या-नगरच्या मोटारींपेक्षा दोन दशके जास्त मिळाली, ती अशी.

ही दोन दशके कुटुंबाने ज्या प्रकारे वापरली, त्यावर पुढचे सगळे ठरले. सुंदरम अय्यंगार 1955 मध्ये निवर्तले, पण त्याआधीच सूत्रे पुढच्या पिढीकडे गेली होती. त्यांचे पुत्र टी. एस. संतानम यांनी 1954 मध्ये दोन लाख रुपयांच्या भांडवलावर सुंदरम फायनान्स स्थापन केली. ट्रक आणि बस घेणाऱ्यांना हप्त्याने पैसे देणे हे तिचे काम. एका गाडीच्या मालकाला काय अडचण येते, गाडी महिन्याला किती कमावते आणि हप्ता कोणत्या हंगामात थकतो, याची जाण बस चालवणाऱ्या घरापेक्षा अधिक कोणाला असणार? 1960 च्या आसपास एकामागून एक कारखाने उभे राहिले : चाकांसाठी व्हील्स इंडिया, विजेच्या भागांसाठी लुकास-टीव्हीएस, ब्रेकसाठी ब्रेक्स इंडिया आणि 1962 मध्ये सुंदरम-क्लेटन. या यादीकडे नीट पाहिले तर बसच्या वर्कशॉपमधील फडताळे डोळ्यांसमोर येतात. जे जे सुटे भाग पूर्वी आयात करून, जपून वापरावे लागत होते, त्यांचेच कारखाने या कुटुंबाने काढले.

1967 मध्ये द्रमुक सत्तेवर आला आणि बस वाहतुकीचे राष्ट्रीयीकरण हा त्याच्या धोरणाचा भाग झाला. मोठा ताफा बाळगणाऱ्या खासगी मालकांच्या बस ताब्यात घेण्याचा कायदा तमिळनाडूने 1971 मध्ये केला. त्यानुसार टीव्हीएसचा मदुरैतील बसताफा सरकारकडे गेला आणि जानेवारी 1972 मध्ये त्याच्या आधारावर ‘पांडियन रोडवेज कॉर्पोरेशन’ सुरू झाले. कोईमतूर भागात चेरन आणि तंजावर भागात चोळन ही महामंडळेही त्याच वर्षी उभी राहिली. छोट्या मालकांच्या बस मात्र बऱ्याच अंशी तशाच चालू राहिल्या आणि तमिळनाडूच्या जिल्ह्यांत सरकारी बसच्या बरोबरीने खासगी बस आजही धावते.

सरकारच्या बाजूनेही सांगण्यासारखे होते, हे नमूद केले पाहिजे. एखाद्या भागाची दळणवळणाची नाडी एका घराण्याच्या हाती असणे लोकशाहीत फार काळ मान्य होणारे नव्हते. कमी उत्पन्नाच्या, आडमार्गाच्या गावांना बस देण्याचे बंधन खासगी मालकावर नव्हते. राज्याच्या महामंडळांनी पुढे खेड्यापाड्यांत जी सेवा पोहोचवली, ती नफ्याच्या हिशेबात बसणारी नव्हती. तरीही मला असे ठामपणे वाटते की तमिळनाडूच्या महामंडळांना जी चांगली सुरुवात मिळाली, तिचे मोठे श्रेय आयत्या मिळालेल्या सुव्यवस्थित ताफ्यांना आणि ते वर्षानुवर्षे नीट चालवणाऱ्या कामगारांना द्यायला हवे. महाराष्ट्रात एसटीला बरेचसे शून्यातून उभारावे लागले. मदुरैत सहा दशकांच्या शिस्तीवर पाटी बदलली.

पांडियन हे नाव 1997 पर्यंत टिकले. त्या वर्षी परिवहन महामंडळांना दिलेल्या नावांवरून दक्षिण तमिळनाडूत जातीय हिंसाचार उसळला, तेव्हा राज्य सरकारने अशी सर्व नावे काढून टाकली आणि महामंडळांना ‘तमिळनाडू राज्य परिवहन महामंडळ’ हे एकच नाव दिले. दुसरीकडे, सुंदरम अय्यंगारांच्या वंशजांनी डिसेंबर 2020 मध्ये कौटुंबिक करार करून आपापल्या कंपन्यांची मालकी शाखानिहाय वेगळी करण्याचे ठरवले आणि पुढच्या दोन वर्षांत ही विभागणी पूर्ण झाली. त्या वाटणीत दुचाकी होत्या, ब्रेक होते, नट-बोल्ट होते, वित्तसंस्था होत्या; ज्या व्यवसायातून हे सगळे निघाले, ती प्रवासी बससेवा मात्र अर्ध्या शतकापूर्वीच कुटुंबाच्या हातून गेलेली होती.