आधी कृती, मग उमेद

‘वय झाले, आता असे होणारच,’ असे म्हणून घरातल्या वृद्धाच्या नैराश्याकडे दुर्लक्ष केले जाते. वास्तविक नैराश्य हा वार्धक्याचा अटळ भाग नाही. देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये समन्वय केलेल्या ‘लासी’ या देशव्यापी पाहणीत साठी ओलांडलेल्यांपैकी ८.३ टक्के लोकांत तीव्र नैराश्याची लक्षणे आढळली, तर निदान झाल्याचे केवळ ०.८ टक्क्यांनी सांगितले.

ही दरी फक्त मानसोपचारतज्ज्ञांच्या बळावर भरणार नाही. म्हणूनच वस्तीपातळीवरच्या कार्यक्रमांचे महत्त्व आहे. त्यांतील अनेकांच्या मुळाशी ‘बिहेवियरल ॲक्टिव्हेशन’, म्हणजे छोट्या कृतींतून मन सावरण्याची पद्धत असते. पीटर लेविनसन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात मांडले की, आपल्या वागण्यातून मिळणारे समाधान, सोबत, कौतुक आटले की मन खचते. खचलेला माणूस लोकांना टाळतो. टाळल्याने घटकाभर सुटल्यासारखे वाटते, म्हणून टाळण्याची सवय पक्की होते, आणि समाधानाचे उरलेसुरले प्रसंगही हातचे जातात. लालबाग-परळच्या चाळीत गॅलरीत नुसते उभे राहिले तरी चार माणसांशी बोलणे होई. पुनर्विकासानंतर विसाव्या मजल्यावर तीच भेट ठरवून घडवावी लागते, आणि नैराश्यात नेमकी ठरवण्याचीच शक्ती क्षीण झालेली असते.

उपचार या चक्राला कृतीच्या बाजूने हात घालतो. उमेद येण्याची वाट न पाहता समुपदेशक रुग्णासह पूर्वी आवडणारी एखादी गोष्ट निवडतो, ती हमखास जमेल इतकी लहान करतो (मंगळवारी सकाळी आठला खाली उतरून बाकावर दहा मिनिटे बसणे, इतकीच), आणि आधी व नंतर मन कसे होते याची नोंद ठेवायला लावतो. ‘काही केले तरी फरक पडत नाही’ ही खात्री त्या नोंदींपुढे हळूहळू सैल होते. ‘सकारात्मक विचार करा’ या उपदेशाने किंवा साडेसातीच्या शांतीने हे साधत नाही.

सिएटलच्या ‘पर्ल्स’ कार्यक्रमात घरी जाऊन समस्या सोडवण्याचे तंत्र शिकवले आणि हालचाल व भेटीगाठी वाढवल्या. १३८ ज्येष्ठांवरील त्या चाचणीत (२००४) वर्षभराने ४३ टक्क्यांची लक्षणे निम्म्याने किंवा अधिक घटली. नेहमीची सेवा मिळालेल्यांत हे प्रमाण १५ टक्के होते. गोव्यात सौम्य लक्षणे असलेल्या १८१ ज्येष्ठांवर झालेल्या चाचणीत तर डॉक्टर नसलेल्या प्रशिक्षित समुपदेशकांनी झोप, मधुमेह आणि सरकारी योजनांचे लाभ यांतही मदत केली, आणि पुढे तीव्र नैराश्य जडणाऱ्यांचे प्रमाण घटले.

मुंबईतल्या ज्येष्ठ नागरिक संघांनी असे समुपदेशक तयार करावेत, असे मला कळकळीने वाटते. मात्र ज्याचे खाणेपिणे सुटले आहे किंवा ज्याच्या मनात आत्महत्येचे विचार येतात, त्याला विनाविलंब मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यावे. ‘टेलि-मानस’ ही सरकारी मदतवाहिनी १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र विनामूल्य उपलब्ध आहे.