मेलबर्नच्या उपनगरांवरील इंग्लंडचा नकाशा

मेलबर्न शहराच्या नकाशावर ब्रायटन, रिचमंड, विंडसर, कॅम्बरवेल, क्रॉयडन, सँडरिंगहॅम अशी नावे जागोजागी आढळतात आणि इंग्लंडहून आलेल्या वसाहतकारांनी गावाकडच्या आठवणीने ती ठेवली असावीत, असे सहज वाटते. काही नावांच्या बाबतीत ते खरेही आहे. मात्र एकेका नावाचा माग काढला की सरदारांचे किताब, जमिनीचे व्यवहार, रेल्वेमार्ग आणि एका ठिकाणी तर तुरुंगाची बदनामीही पुढे येते.

खुद्द शहराचे नावच आडवळणाने आले. यारा नदीच्या काठी १८३५ मध्ये गोऱ्या लोकांनी वस्ती केली आणि १८३७ मध्ये गव्हर्नर रिचर्ड बर्क यांनी तिला ब्रिटनचे तत्कालीन पंतप्रधान लॉर्ड मेलबर्न यांचे नाव दिले. लॉर्ड मेलबर्न यांचा किताब डर्बीशायरमधील मेलबर्न या लहानशा गावावरून पडला होता. म्हणजे गावाचे नाव किताबाला, किताबाचे नाव शहराला, असा हा प्रवास झाला. गौरव करायचा होता तो पंतप्रधानांचा, गावाशी बर्क यांना कर्तव्य नव्हते. सिडनीजवळच्या लिव्हरपूलचीही हीच गत आहे. गव्हर्नर मॅक्वारी यांनी १८१० मध्ये ते नाव दिले ते वसाहतींचा कारभार पाहणाऱ्या लिव्हरपूलच्या अर्लच्या सन्मानार्थ, इंग्लंडमधील मर्सी नदीवरच्या लिव्हरपूल बंदरासाठी नव्हे.

ब्रायटनची कथा अधिक रंजक आहे. १८४० च्या सुमारास ब्रिटिश सरकारने अशी योजना काढली होती, की लंडनमध्ये ५,१२० पौंड भरणाऱ्याला वसाहतीत आठ चौरस मैल, म्हणजे ५,१२० एकर जमीन एकरी एक पौंड या भावाने निवडून घेता येईल. सरे परगण्यातील हेन्री डेंडी याने जमीन न पाहताच पैसे भरले आणि १८४१ मध्ये तो मेलबर्नला दाखल झाला. तोवर गावाजवळच्या जमिनीचे भाव कितीतरी चढलेले असल्याने हा सौदा अधिकाऱ्यांच्या डोळ्यांत खुपला आणि त्याला गावापासून पाच मैलांच्या आत जमीन घेऊ दिली गेली नाही. समुद्रकाठच्या या जमिनीवर त्याने अर्धवर्तुळाकार रस्त्यांचे गाव आखले आणि त्याला इंग्लंडमधील सर्वांत नावाजलेल्या समुद्रकिनारी विहारस्थळाचे नाव दिले. यात गावाची ओढ कमी आणि भूखंड विकणाऱ्याची नजर जास्त, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. पुढे मंदी आली, त्यात डेंडी बुडाला. नाव मात्र टिकले.

हीच नजर १८८० च्या दशकात, जमिनीच्या तेजीच्या काळात, उघडपणे दिसू लागली. किनाऱ्यावरील एक वस्ती तोवर ‘जिप्सी व्हिलेज’ म्हणून ओळखली जात होती. रेल्वे तिथवर पोहोचण्याच्या सुमारास जमीन विकासकांना हे नाव अडचणीचे वाटू लागले आणि नॉरफोकमधील राजघराण्याच्या निवासस्थानावरून तिचे सँडरिंगहॅम झाले. फुटस्क्रे हे त्या मानाने साधे नाव आहे. केंटमधील फुट्स क्रे हे गाव आता लंडनमध्ये सामावले असून त्याचे दोन शब्द मेलबर्नमध्ये एक झाले.

रिचमंडची साखळी मात्र लांबलचक आहे. यारेकाठच्या या उपनगराला थेम्सकाठच्या रिचमंडवरून नाव मिळाले. थेम्सकाठच्या त्या गावाचे मूळ नाव शीन होते. पंधराव्या शतकाच्या अखेरीस तेथील राजवाडा जळाल्यावर सातव्या हेन्रीने तो पुन्हा बांधला आणि राजा होण्यापूर्वी आपण रिचमंडचे अर्ल होतो म्हणून त्याला ते नाव दिले. ते अर्लपद यॉर्कशायरच्या रिचमंडचे होते आणि तिथले नाव नॉर्मन लोकांनी फ्रान्सहून आणलेले. मेलबर्नकरांनी अस्सल इंग्लिश समजून घेतलेले नाव असे मुळात फ्रेंच निघते.

काही नावे केवळ दिसायला स्थळनामे असतात. सेंट किल्डा हे स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील द्वीपसमूहाचे नाव आहे, पण मेलबर्नच्या किनाऱ्यावर ते पोहोचले ‘लेडी ऑफ सेंट किल्डा’ या शिडाच्या जहाजामुळे. हे जहाज किनाऱ्यापाशी नांगर टाकून होते आणि १८४२ मध्ये त्याच्यावरून त्या भागाला नाव देण्यात आले.

ही सारी नावे रिकाम्या जमिनीवर पडली नव्हती, हे ध्यानात ठेवले पाहिजे. या भागातील मूळ रहिवासी असलेल्या वुरुंजेरी आणि बूनवुरुंग लोकांची स्वतःची स्थळनामे होती. त्यांच्या भाषांतील शब्द प्राहरान, मूराबिन यांसारख्या नावांत इंग्रजी कानांना ऐकू आले तसे, बऱ्याच अंशी बदललेल्या रूपात, शिल्लक राहिले.

इंग्लंडहून आणलेले नाव लोकांना नकोसे झाल्याचेही एक उदाहरण आहे. शहराच्या उत्तरेकडील एका वस्तीला डॉर्सेटमधील पेंट्रिज या खेड्याचे नाव मिळाले होते. १८५० च्या दशकाच्या तोंडावर तिथे तुरुंग उभा राहिला आणि थोड्याच काळात पेंट्रिज म्हणजे तुरुंग हे समीकरण इतके पक्के झाले, की आपला पत्ता सांगणेही रहिवाशांना जड जाऊ लागले. १८७० मध्ये वस्तीचे नाव बदलून राणी व्हिक्टोरियाचे पती प्रिन्स अल्बर्ट यांच्या जर्मन घराण्यावरून कोबर्ग ठेवण्यात आले आणि पेंट्रिज हे नाव तुरुंगापुरते उरले. तो तुरुंग १९९७ मध्ये बंद झाला. त्याच्या जागेवर पुढे घरे झाली, आणि रहिवाशांनी एकेकाळी टाकलेल्या पेंट्रिज या नावानेच तिथली घरे विकली गेली.