ठेकेदार की कामगार? कोल्हापूरच्या जॉबवर्कमागचा कायदा

शिरोली, गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांत फेटलिंग, म्हणजे ओतीव भागांवरचा जादा धातू घासून काढण्याचं काम, नगावर किंवा वजनावर ठेक्याने देण्याची पद्धत जुनी आहे. इचलकरंजीतला खर्चीवाला यंत्रमागधारकही व्यापाऱ्याचं सूत मजुरीवर विणून देतो. बोलताना दोन्हीला जॉबवर्कच म्हणतात. पण खर्चीवाल्याचे माग, शेड, वीजबिल त्याचं स्वतःचं असतं. फेटलिंगच्या ठेकेदाराची अनेकदा फक्त माणसं असतात. ग्राइंडर, वीज, जागा कारखान्याची आणि काम सांगणारा फोरमनही कारखान्याचाच. वाद झाला की कायदा हेच बघतो.

याचा पाया सर्वोच्च न्यायालयाच्या १९५६च्या ध्रांगध्रा केमिकल वर्क्स निकालात आहे. सौराष्ट्रातल्या मिठागरांवरचे आगरिया, म्हणजे मीठ पिकवणारे मजूर, कुटुंबासह राबत, स्वतः माणसं लावत, मजुरी मिठाच्या वजनावर घेत. कंपनीने त्यांना स्वतंत्र कंत्राटदार म्हटलं. कामाची पद्धत कोण ठरवतं, हे पाहून न्यायालयाने त्यांना कामगार मानलं. १९७३च्या सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाऊस प्रकरणात कसोटी आणखी सैल झाली. नगावर शिवणारे, हवे तेव्हा येणारे शिंपीही कर्मचारी ठरले, कारण मशीन दुकानाची होती आणि नापसंत काम परत करण्याचा हक्क मालकाकडे होता.

मधल्या काळात १९७०चा कंत्राटी कामगार कायदा आला. २० किंवा जास्त कंत्राटी कामगार असतील तर मूळ मालकाने (ज्याच्या कारखान्यात काम चालतं त्याने) नोंदणी करायची, ठेकेदाराने परवाना काढायचा. ठेकेदाराने पगार बुडवला तर तो मूळ मालकाने भरायचा आणि ठेकेदाराच्या बिलातून वळता करायचा. महाराष्ट्राने राज्य दुरुस्ती करून ही मर्यादा २० वरून ५० वर नेली; २०१७ पासून ती लागू झाली. २१ नोव्हेंबर २०२५ला चार कामगार संहिता अमलात आल्या, त्यांतही ५० हाच आकडा आहे. मुख्य उत्पादनाच्या कामात मात्र आता कंत्राटी कामगारांना मनाई आहे. ते काम त्या धंद्यात नेहमी ठेक्यानेच होत असेल तर सूट मिळते. फौंड्रीचं फेटलिंग कुठे बसतं, यावर वाद होणार हे उघड आहे.

घोळ होतो तो ५० या आकड्याने. परवाना लागत नाही म्हणजे जबाबदारी नाही, असं अनेक छोटे कारखानदार धरून चालतात. पीएफची मर्यादा २० माणसांची आहे आणि तिथे ठेकेदाराची माणसंही मोजली जातात. स्वतःचे १४ आणि ठेकेदाराचे ९ असतील तर २३ झाले, पीएफ लागू. ठेकेदाराने भरणा केला नाही तर वसुली मूळ मालकाकडून होते.

बिलातून एक किंवा दोन टक्के टीडीएस कापल्याने माणूस ठेकेदार ठरत नाही. ती कराची कपात आहे, नात्याचा पुरावा नव्हे. स्टॅम्पपेपरवरच्या करारालाही एवढंच वजन. म्हणून जाणते अकाउंटंट दर महिन्याला ठेकेदाराचं हजेरीपत्रक, पगारपत्रक आणि नावानिशी पीएफ व ईएसआयचं (कामगार विम्याचं) चलन हातात आल्याशिवाय त्याचं बिल पास करत नाहीत.